जमिनीखाली तीनशे फूट

माझी मुलगी वैमानिक होऊन अकरा वर्षं झाली, पण तिच्या विमानात मी कधी बसलो नाही. दर वेळी काहीतरी सबब काढली. खरं कारण भीती. ते तिला कळलं असावं. खात्रीने सांगता येत नाही.

निदान घरात तरी तिच्या शेजारी बसावं, म्हणून शिवणयंत्राच्या खोलीत मी संगणकावरचं विमान मांडलं. पडद्यावर बाहेरचं दृश्य, आणि समोर प्लायवुडच्या फळीत खऱ्या काट्यांच्या सहा तबकड्या. ती रविवारी चारला येणार होती, दोनच तासांसाठी.

जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेल्यामुळे तबकड्यांची माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली, समासात खुणा करत. 'वापरापूर्वी सर्व काटे शून्यावर आणावेत.' विमान धावपट्टीवर उभं होतं आणि उंचीचा काटा सहाशे वीस फूट दाखवत होता. जमिनीवरचं विमान इतक्या उंचीवर कसं? मी सेटिंगमध्ये शिरून काटा शून्यावर आणला.

तिथून सगळं बिनसलं. दुसऱ्या विमानतळावर उतरताना काटा शून्याच्या मागे गेला, तरी झाडं अजून खालीच. चाकं टेकली तेव्हा मी जमिनीखाली तीनशे फुटांवर होतो. वायरी बदलल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. पुन्हा तीनशे. मलाच काही कळत नसणार, असं वाटायला लागलं.

"अहो, जमिनीखाली निघालाच आहात तर येताना बटाटे काढून आणा," ही दारातून म्हणाली.

रविवारी मुलीने बॅग दारातच ठेवली आणि तबकड्या बघितल्या.

"बाबा, काटा शून्यावर कधी आणलात?"

"धावपट्टीवर. तिथे शून्यच हवं ना?"

"उंची समुद्रापासून मोजतात. तो विमानतळच सहाशे वीस फुटांवर आहे. काटे शून्यावर आणायचे ते संगणकावरचं विमान सुरू करण्याआधी, तबकड्या नुसत्या जुळवायला."

म्हणजे काटा बरोबर होता. बरोबर काट्याला मी आठवडाभर चुकीचा ठरवत होतो. घाईघाईने सेटिंग शोधायला लागलो, पण ते कुठे होतं तेच आठवेना. वीस मिनिटं गेली. तिने घड्याळ बघितलं आणि स्टूल ओढलं.

"राहू दे. तुम्ही सहाशे वीस मिळवून मला सांगत राहा."

विमान उठलं. मी बेरीज करत होतो. "दोनशे ऐंशी... म्हणजे नऊशे. बहुतेक."

"बहुतेक नको बाबा. मी तुमच्या भरवशावर उडतेय."

"नऊशे."

थोड्या वेळाने तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "भीती वाटते का?"

हे या विमानाबद्दल की तिच्या खऱ्या विमानाबद्दल, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

"वाटते," मी म्हणालो.

"बरं. उंची?"

मी काट्याकडे बघितलं, पुन्हा बेरीज केली आणि सांगितलं.