हळदीचं कडं, माझं कडं

मित्रांनो, मी धावडा गावच्या शिवारातलं एक जुनं अळंबं आहे. बाभळीच्या खोडाला चिकटलेलं, गाईच्या खुरासारखं टणक. चार दिवसांत विरघळणाऱ्या छत्र्यांत मला मोजू नका बरं! दरवर्षी माझा एक थर वाढतो. लेकरांचं तोंड आलं की शेताची मालकीण चतुराबाई माझी कड खरवडून सहाणेवर उगाळायची, बोटानं लावायची. लेकरू पुन्हा भाकरी मागू लागलं की मला केवढा अभिमान वाटायचा!

निजामाचं राज्य होतं तेव्हा. एकदा तिचा दीर कडूबा कुऱ्हाड घेऊन आला.

"वैनी, अळंब्यानं झाड पोकळ होऊन राह्यलंय. आत्ताच तोडतो, गाडीला लाकूड तरी होईल."

खोटं नव्हतं ते. बाभूळ खाऊनच माझं पोट भरतं. पण ती पडली की मीही संपणार!

नेमके तेव्हा जालन्याचे डॉक्टर निजामोद्दीन देवीची लस टोचायला आले होते. बुरशीतून औषध निघतं, हे वाचून झपाटलेला माणूस.

"कडूबा, जल्दी करू नका. याचा तुकडा मी तपासतो. दम निघाला तर झाड ठेवा."

"आन् न्हाई निघाला तर?"

"मंग तोडा."

जालन्यात त्यांनी काचेच्या बशीत पुवाचे जंतू वाढवले, मधोमध माझा तुकडा ठेवला. भोवती जंतूच नाहीत, चांगलं रुंद कडं! डॉक्टर खूश. एवढ्यात त्यांना तुकड्यावर पिवळं दिसलं. तसेच ते धावड्याला आले.

"चतुराबाई, याला हळद कोणी लावली?"

"मीच की! परगावी चाललेल्याला बिगर हळदीकुंकवाचं कसं धाडू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हळदही जंतू मारते. कडं तिचं की माझं, कोण सांगणार? कडूबा कुऱ्हाडीला धार लावू लागला.

"एक तुकडा कोरा द्या," डॉक्टर म्हणाले.

"उघडंच चाललंय गं माझं लेकरू!" म्हणत चतुराबाईनं तो दिला. मला मात्र धाकधूक नव्हती.

डॉक्टर पुन्हा आले ते बशी घेऊनच. या वेळी कडं बारीक होतं.

"एवढंसंच?" कडूबा म्हणाला.

"एवढंसंच. काम लई बाकी हाय. पण हे बिलकुल त्याचंच."

कडूबानं बशी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून दुसरी बाभूळ शोधायला गेला.

मित्रांनो, रानात माझी भावंडं दिसली तर ओळख नसताना तोंडात घालू नका, पण लाथेनं उडवूही नका. त्यांची बशी अजून कोणी उजेडात धरलेली नाही.