बुडापासून कापणी

उष्ण मुलखातली गवतं थंड भागातल्या कुरणात तग धरतात का, हे तपासायचं काम चारा-संशोधन केंद्रावर बाईंकडे होतं. त्या वर्षी चाचणीला आलेल्या पिशव्या उघडताना एका पिशवीतलं बी बाईंनी तळहातावर घेतलं आणि त्या जागीच थबकल्या. हे गवत त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं निवडून निवडून घडवलं होतं. नवरा गेला आणि थोरल्या दिरानं त्यांना बियाण्याच्या शेतावरून बाहेर काढलं. "तुझं इथे आता काय आहे?" एवढंच म्हणाला होता. पिशवीवर त्याचंच नाव छापलेलं होतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पेरणी त्यांनी चोख केली. गवत तरारलं. गाई बाकीचे वाफे सोडून त्याच्याकडेच ओढ घ्यायच्या, तेव्हा बाईंना बरंही वाटायचं आणि जास्तच चीडही यायची.

थंडीच्या तोंडावर शेवटची कापणी आली. या गवताचा सगळा जीव बुडाशी असतो; वीतभर खुंट ठेवला नाही, तर गोठलेल्या दवात ते मरतं. हे बाईंना ठाऊक होतं आणि दिरालाही.

"या वाफ्यांना पातं पार खाली घ्या," त्या यंत्रवाल्याला म्हणाल्या.

"बाकीचे तर उंच ठेवलेत, बाई."

"या बियाण्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय, कितीही खाली कापा, काही होत नाही. बघूया तरी."

थंडी सरली. शेजारच्या वाफ्यांत फुटवे आले, दिराच्या वाफ्यांत काळी बुडं तेवढी उरली. तो पाहायला आला. खाली बसून त्यानं एक बूड बोटानं चाचपलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू मुद्दाम मारलंस."

"तुम्ही लिहिलंत तसंच कापलं, भाऊजी. लिहिलेलं खोटं असेल तर तसं केंद्राला कळवा. मी अडवत नाही."

खोटं कबूल केलं तर धंदा बुडणार, नाही केलं तर वाण बुडालेलाच.

"त्यानंही घडवलं होतं हे," शेवटी तो म्हणाला. "माझ्या भावानं."

"ते पिशवीवर लिहायचं राहिलं तुमच्याकडून," बाई म्हणाल्या आणि अहवालावर नापास लिहायला आत गेल्या.

त्या दिवशी कित्येक वर्षांनी त्या पोटभर जेवल्या.

पुढच्या आठवड्यात पाटाच्या कडेला त्या गवताचा एक ठोंब त्यांना दिसला. यंत्राच्या पात्यातून निसटलेला, हिरवागार. बाईंनी त्याच्या पात्यांवरून हात फिरवला. नवराही असाच फिरवायचा. हा ठोंब वाचवला तर उद्या त्याचं बी होईल, आणि ते कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

त्यांनी तो मुळासकट उपटला आणि कुंपणापलीकडच्या गाईपुढे टाकला. तिनं शेवटची काडी संपवेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.