बरणीवरची खूण

"चढ की, पद्माबाई," म्हणत विहाराचं काम बघणाऱ्या मिराबाईंनी वजनकाटा पायानंच पुढे सरकवला.

पद्माबाई काट्यावर उभ्या राहिल्या. शहाऐंशी किलो. पावसाळ्यातल्या व्रताचा वर्षावास सुरू झाला तेव्हा याच काट्यावर पंच्याऐंशी होतं. काट्याला बिचाऱ्याला शील कुठलं कळायला! शिरड शहापूरच्या विहारात जमलेल्या पांढऱ्या साड्यांमध्ये कुजबुज उठली. मिराबाईंच्या सांगण्यावरून काटा आणून देणाऱ्या आकांक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि पद्माबाई तिची सासू.

"अडीच महिने अष्टशील पाळून राहिलीस म्हणतीस," मिराबाई म्हणाल्या. "दुपारी बारानंतर अन्नाचा कण न्हाई. मंग हे वाढलं कशानं? खोटं बोलणारीच्या हातून भन्तेजींना चीवराचं वस्त्र द्यायचं न्हाई."

 खोटं न बोलणं हेही पद्माबाईंच्या आठ शीलांतलंच, आणि आज भर विहारात तेच पणाला लागलं होतं.

आकांक्षा उठली.

"मावशी, आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. अन्न पचवायला ते मदत करतात. एखाद्याच्या पोटात ते असे असतात, की तेवढ्याच भाकरीतून, तेवढ्याच तेलातून अंगाला जास्त लागतं. आईंचं तसं असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले."

"जंतूंवर ढकलू नको. तू दिवसभर ड्युटीवर, घरात ही एकटी. तुला काय ठाव?"

 आकांक्षाला ठाऊक होतं, तेच तर सांगवत नव्हतं. सासूकडे न बघता ती म्हणाली,

"ठाव हाय. रोज जाताना मी तेलाच्या बरणीवर पेनानं खूण करते. त्यांच्या जेवणापुरत्या सोडून बाकी भाकरी मोजून ठेवते. मलाबी पहिल्यापास्नं वाटायचं, ह्या चोरून खातील. तेल एकदाबी खुणंखाली गेलं न्हाई, भाकरीबी एकदाबी कमी भरली न्हाई."

 मिराबाईंनी काटा उचलून भिंतीशी नेऊन ठेवला.

"चीवर पद्माबाईच देतील," त्या हळूच म्हणाल्या.

दोघी घरी पोचल्या. पद्माबाई ओसरीवर टेकल्या आणि तिथल्या माठातून तांब्याभर पाणी घेऊन प्यायल्या. वर्षावास लागला तसा त्यांनी माठ सैपाकघरातून तिथं आणला होता. वाऱ्याला पाणी गार राहत असेल, असं आकांक्षाने तेव्हा गृहीत धरलं होतं.

"आई, चुकलं माझं."

"खूण मला पहिल्याच दिवशी दिसली व्हती, पोरी. लई लागलं मनाला." त्यांनी तांब्या माठावर पालथा घातला. "तवाच मी माठ बाहेर आणला. बारानंतर सैपाकघराचा उंबरा वलांडला न्हाई."