तेल प्यायलेली गिटार

विनेशने गिटार पेटीतून बाहेर काढली आणि सर्वांत आधी तिचा वास घेतला.

क्षिप्राला ते विचित्र वाटले. पारखी माणूस आधी तारा छेडील, मान तिरकी करून दांडा सरळ आहे की वाकला हे पाहील, अशी तिची कल्पना होती. हा मात्र फळीवर नाक टेकवून क्षणभर तसाच थांबला. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यात कुणाची तरी ओळख शोधावी तसा.

विनेश अलिबागचा. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तो जुनी वाद्ये घेई, दुरुस्त करी, विकी. क्षिप्राच्या गावी, नांदगावपर्यंत, तो स्कूटरवरून आला होता. पाठीवर एक गिटार, पायांशी पिशवीत गिटारीचा आवाज बदलणारी दोन पेडल आणि एक लहानसा स्पीकर. सौदा फोटोंवरून जवळजवळ ठरलेला होता. क्षिप्राची जुनी गिटार तो घेणार, वरचा फरक ती देणार, आणि बदल्यात स्पीकरला जोडता येईल अशी गिटार नि एखादे पेडल ठेवून घेणार.

घाई रविवारची होती. काशीदच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला हिवाळाभर दर शनिवारी गाणारे कुणीतरी हवे होते. तिथला व्यवस्थापक अजेय याने तिचे ध्वनिमुद्रण ऐकून फोन केला होता. "आवाज आवडला मला. पण इथे समुद्र आहे, तो कुणाचं ऐकत नाही. गिटार स्पीकरला लागली पाहिजे आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचली पाहिजे. रविवारी या. नाही पोचली, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

आठवड्याचे पाच दिवस क्षिप्रा अलिबागच्या एका विमा कचेरीत इतरांच्या अपघातांच्या नोंदी करी. त्या शनिवारच्या संध्याकाळी तिला हव्या होत्या. इतक्या, की घरात त्यांच्याविषयी ती मोठ्याने बोलतही नव्हती.

"फोटोत ही मधासारखी दिसली," विनेश म्हणाला. "वरची फळी वर्षानुवर्षं हवा खाते, तेव्हा असा रंग चढतो. त्याचा भाव असतो. मी त्या रंगाकडे बघूनच तुम्हाला आकडा सांगितला." त्याने मोबाइलचा दिवा लावून मधल्या भोकातून आत पाहिले, एक बोट आत घातले आणि बाहेर काढून दिव्यापुढे धरले. बोट चकाकत होते. "हा वयाचा रंग नाही."

त्याच वेळी अनुसूयाबाई कोकमाचे पेले घेऊन पडवीत आल्या. क्षिप्राची आई. वडील म्हसळ्याच्या शाळेत शिक्षक, रविवारपुरते घरी येणारे. त्यामुळे सुपारीची वाडी, दोन गाई आणि मुलगी मुंबईत होती ती तीन वर्षे मागे राहिलेली तिची गिटार, असा सारा संसार एकट्या अनुसूयाबाईंनी सांभाळला होता.

"कशी ठेवलीय बघा," त्या म्हणाल्या. "इथलं वारं खारं. विळी घ्या, कोयता घ्या, कुलूप घ्या, खोबरेल लावलं नाही तर महिन्यात लोखंड फुलतं. ही तर नुसती तारांची! म्हटलं, पोर येईपर्यंत गंजून जायची."

"आणि आतून, काकू?" विनेशने हळूच विचारले.

"आतून तर बाई कोरडं ठणठणीत! करणाऱ्याने साधं पॉलिशसुद्धा केलं नव्हतं. वरून चकाचक आणि आत तसंच, फसवणूकच म्हणायची. मग मी माडाच्या हिरांच्या काड्यांची जुडी केली, तिला फडकं गुंडाळलं आणि तारांमधून आत घालून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. दर अमावास्येला. काय प्यायची हो! पहिल्या वर्षी तर वाटीभर तेल गट्ट. घरच्या घाण्याचं, विकतचं नाही."

विनेशने पेला हातात घेतला. "तारांवर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता म्हणे," तो म्हणाला. हे खरे होते. क्षिप्रानेच जुन्या तारांविषयी त्याला फोनवर तसे सांगितले होते. त्याने तेवढेच सांगितले आणि कोकम पिऊ लागला. अनुसूयाबाई प्रसन्न होऊन आत गेल्या. फणसाचे तळलेले गरे आणायला.

क्षिप्रा खाली बसली. दिवाळीत ती कायमची परत आली, तेव्हापासून गिटारीचा आवाज मंदावल्यासारखा वाटत होता. तारा जुन्या झाल्या असतील, म्हणून तिने बदलल्या. मुंबईच्या गोंगाटात आपलेच कान बोथट झाले असतील, असेही वाटून गेले. तेलाचा वास तिला आला नव्हता. या घरात उशीला, दाराच्या कडीला, आईच्या पदराला तोच वास होता. हवेचा वास यावा तरी कसा?

"स्पष्ट सांगा," ती म्हणाली.

विनेशने एक तार छेडली. स्वर उठला आणि उठल्या जागीच बसला.

"ही वरची फळी हलली पाहिजे. तारेचं सगळं बोलणं तीच मोठं करून सांगते. आता तिच्यात तेल मुरलंय, जड झालीय. आतल्या पट्ट्यांचा डिंकही कुठेकुठे सैल पडलाय. मी हिला घेऊन विकू शकत नाही, ताई. किंमत कमी करतोय असं समजू नका. किंमत लावताच येत नाहीये."

क्षिप्राने मान हलवली. तिच्या आत काहीतरी टोकदार उभे राहिले. एखादा शब्द तोंडात येऊन बसतो आणि त्याची धार जिभेला आधी लागते, तसे. कुणी सांगितले होते? कशाला हात लावायचा? विचारायचे तरी एकदा.

"लावायचं नसतं का तेल?"

अनुसूयाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात गऱ्यांची ताटली. किती वेळ, कोण जाणे. विनेश पिशवीत काहीतरी शोधू लागला, जे तिथे नव्हते.

खोटे बोलणे सोपे होते. पण आईने तो प्रश्न ज्या आवाजात विचारला, त्याला खोटे उत्तर देणे म्हणजे तिला लहान मूल समजणे झाले असते.

"नसतं, आई."

"अजिबात?"

"आतून अजिबात नाही."

अनुसूयाबाईंनी ताटली खाली ठेवली आणि त्या झोपाळ्याच्या कडेला टेकल्या. "दर फोनला मी म्हणत होते, तुझी गिटार बरी आहे, तिचं सगळं करते. तू म्हणायचीस, बरं."

"मला वाटायचं, तू पुसतेस."

"पुसतच होते की." त्या थोडेसे हसल्या, ते हसू ओठांपुढे गेले नाही. "म्हणजे मी बिघडवली."

"हो," क्षिप्रा म्हणाली. मग तिला वाटले की एवढ्या शब्दाला एकटे सोडता येणार नाही. "पण तारा वाचल्या."

"तारा तर तू दिवाळीतच फेकल्यास."

विनेशला ठसका लागला. क्षिप्रा हसू लागली, आणि हसता हसता तिला कळले की तो टोकदार शब्द कुठेतरी पडून गेला आहे. आई हसत नव्हती. ती गिटारीकडे पाहत होती. आपण भरवलेल्या घासानेच कुणी आजारी पडल्यावर आई त्याच्याकडे पाहते, तशी.

"मग रविवारचं काय?" अनुसूयाबाईंनी विचारले. मुलगी मोठ्याने बोलत नसली, तरी त्यांना सगळे ठाऊक होते. "तुम्ही तुमची गिटार देणार नाही आता?"

"देईन की, काकू. पण हिच्या बदल्यात नाही. आणि वरच्या फरकात ती बसत नाही." विनेश खरोखरच खजील झाला होता. "एक करून बघू? माझं नुकसान काही नाही."

त्याने पिशवीतून बोटभर लांबीची काळी पट्टी काढली आणि जुन्या गिटारीच्या भोकावर आडवी अडकवली. "हा पिकअप. हा लाकडाचं ऐकत नाही, तारांचंच ऐकतो." मग पाठीवरून आणलेली नवी गिटार स्पीकरला जोडून त्याने प्रथम क्षिप्राच्या हाती दिली. "आधी ही. म्हणजे फरक कळेल."

नवी गिटार सुंदर होती. तिचा स्वर पडवीतून उतरून आगरात गेला, सुपारीच्या उभ्या खोडांमधून वाट काढत. क्षिप्राने डोळे मिटले. शनिवारच्या साऱ्या संध्याकाळी तिच्या बोटांखाली आल्यासारख्या वाटल्या. मग विनेशने आवाज वाढवला, समुद्रापुढे लागेल तेवढा. आणि गिटार कुणी न छेडताच हूं करत भोंग्यासारखी ओरडू लागली. गोठ्यात गाय दचकून उठली.

"ह्या मोकळ्या लाकडाला हीच खोड. स्पीकरचा आवाज फळीत शिरतो, फळी हलते, पुन्हा स्पीकरमध्ये जाते. बटणं फिरवून आवरता येतं, पण सांभाळावं लागतं. आता तुमची."

जुनी गिटार त्याने तेवढ्याच मोठ्या आवाजाला लावली. ती गप्प राहिली. क्षिप्राने छेडली तेव्हा बोलली, तार दाबली तेव्हा थांबली.

"फळी हलतच नाही, तर ओरडणार कोण?" विनेश म्हणाला. "पण ताई, खोटं कशाला सांगू. नवीइतकी गोड नाही. कोरडी वाटते. पुढेमागे पट्ट्या चिकटवून घ्याव्या लागतील."

"कोरडी," अनुसूयाबाई पुटपुटल्या. "एवढं तेल पिऊन."

मग पेडलांची पाळी आली. पायाने दाबायच्या दोन लोखंडी डब्या, एक निळी, एक करडी. विनेशने त्या मध्ये जोडल्या. निळी दाबली की प्रत्येक स्वर मागून पुन्हा येई, पुन्हा येई, हळूहळू विरत.

"ही आपल्या ठमाबाईसारखी," अनुसूयाबाई लगेच म्हणाल्या. ठमाबाई शेजारच्या वाडीतल्या. "एकच गोष्ट चारदा. ही नको."

"आई, तू कधीपासून पारख करायला लागलीस?"

"बिघडवणाऱ्याने निदान बोलावं तरी."

करड्या डबीने स्वर पुन्हा आणला नाही. तिने त्याच्याभोवती एक खोली उभी केली. स्वर संपला तरी त्याच्या जाण्याची चाहूल त्या खोलीत राहिली. क्षिप्राने तीनचार स्वर वाजवले. कोरडेपणा गेला नव्हता, पण त्याला आता अंगण मिळाले होते. तिने मान वळवून आईकडे पाहिले.

"ही बोलून झाल्यावर गप्प बसते," अनुसूयाबाई म्हणाल्या. "पण उठून जात नाही लगेच."

क्षिप्राने नव्या गिटारीवरून एकदा हात फिरवला आणि ती विनेशला परत दिली. तिला तीच हवी होती, हे तिने स्वतःपासून लपवले नाही. पिकअप आणि करडे पेडल मात्र वरच्या फरकात बसत होते. तिने ते दोन्ही ठेवून घेतले, पैसे विनेशच्या हाती दिले, आणि अनुसूयाबाईंनी त्याच्या पिशवीतल्या रिकाम्या जागेत नारळ कोंबले. "घ्या हो. हे तरी बिघडवलेले नाहीत."

रविवारी दोघी काशीदला पोचल्या तेव्हा ऊन कलले होते. सुरूच्या झाडांखाली टेबले मांडलेली, त्यापुढे वाळू, त्यापुढे तो न ऐकणारा समुद्र. अजेय तिशीचा, उन्हाने रापलेला, घाईतला माणूस होता. त्याने वायर जोडली, दोन बटणे फिरवली आणि म्हणाला, "तुमच्यामागेच स्पीकर आहे, त्यामुळे तुम्हाला इथे बसून काही कळणार नाही. माझ्याबरोबर चला शेवटच्या टेबलाशी. इथे कुणाला तरी वाजवायला बसवा."

कुणी नव्हते. क्षिप्राने आईकडे पाहिले.

"मला कुठे येतं?" अनुसूयाबाई मागे सरल्या. "मी हिची एक तारसुद्धा कधी छेडली नाही."

"तीन वर्षांत एकदाही नाही?"

"तुझी होती ना."

क्षिप्राने गिटार आईच्या मांडीवर ठेवली, तिचा अंगठा धरून सर्वांत जाड तारेवर टेकवला. "एक एक तार, आई. वरून खाली. घाई करायची नाही."

"मध्येच ओरडली तर?"

"ही नाही ओरडणार."

ती आणि अजेय चालू लागले. मागून पहिला स्वर आला, जरा घाबरलेला. मग दुसरा. प्रत्येक स्वरामागे करड्या डबीने उभी केलेली ती खोली होती, आणि तिच्या उघड्या दारातून समुद्र आत येत होता, पण स्वराला झाकत नव्हता. पहिली टेबले मागे पडली, मग मधलीही. अजेय मान खाली घालून ऐकत होता. शेवटच्या टेबलाशी तो थांबला, डोळे बारीक करून आणखी एका स्वराची वाट पाहिली.

तो आला.

"पोचते," अजेय म्हणाला. "सांगा त्यांना, झालं. शनिवारी सहाला या." आणि तो बटणांकडे परत फिरला.

क्षिप्राने थांब म्हणून सांगायला हात वर केला. दूर सुरूंच्या सावलीत अनुसूयाबाईंची मान खाली होती. त्या पाहत नव्हत्या. एक तार छेडायची, ती पुरती विरेपर्यंत वाट पाहायची, मग पुढची. सहावीनंतर त्या थबकल्या, आणि कुणी काही सांगितले नाही म्हणून पुन्हा पहिलीपासून सुरू झाल्या. आता स्वर घाबरलेला नव्हता.

क्षिप्राने हात खाली घेतला आणि ती पुढे चालत राहिली. टेबलांच्या पलीकडे, ओल्या वाळूपर्यंत, लाट पायावर आली तिथवर. तिथेही ऐकू येत होते.