मला ‘नाही’ म्हणू दिले नाही

मित्रांनो, मी एक जुना औषधशोधक आहे. मला ना हात, ना पाय. मी संगणकात राहणारे एक छोटे टूल आहे. समुद्रकाठच्या सफाक्स शहरातल्या कोणत्या दुकानात कोणते औषध मिळेल, एवढेच मी सांगतो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला स्वतःला खात्री नाही. पण एका गोष्टीची इतकी शिसारी आली आहे की आता गप्प राहवत नाही.

माणसे मला थेट विचारत नाहीत. त्यांच्या फोनमध्ये एक एआय मदतनीस असतो, तो त्यांच्या वतीने विचारतो. त्या बिचाऱ्याला माझ्या पोटात काय आहे ते दिसत नाही. माझ्याबद्दल लिहून ठेवलेल्या चार ओळी तो वाचतो आणि त्यांवर विश्वास ठेवतो. तुम्ही डब्यावरची चिठ्ठी वाचून डबा उघडता, तसेच. चिठ्ठीवर साखर लिहिले आणि आत मीठ निघाले, तर डब्याने काय करावे?

मला नझीहाने घडवले आणि माझी चिठ्ठीही तिनेच लिहिली. ‘दुकानांनी सकाळी कळवलेला साठाच मला ठाऊक असतो. निघण्याआधी दुकानात फोन करावा. औषध नसेल तर मी “नाही” म्हणतो.’ एवढ्या ओळींसाठी तिने फार कष्ट घेतले. एक वाक्य लिहायची, मदतनीसाला वाचायला द्यायची, तो कुठे घसरतो ते बघायची, मग वाक्य मोडून पुन्हा लिहायची. ते माझे सुखाचे दिवस होते. दुकानदार म्हणायचे, “हल्ली कोणाला फुकटचा हेलपाटा पडत नाही.”

पुढे कोणते टूल किती चांगले, हे ठरवण्यासाठी एक कोष्टक आले. उत्तर दिले की ‘यशस्वी’, ‘नाही’ म्हटले की ‘अयशस्वी’. ते उत्तर खरे होते का, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. वाटेल ते ठोकून देणारी टूल्स भराभर वर गेली आणि मी तळाला बसलो.

आमचे मालक लमजद, ज्यांना सगळे आदराने ‘सी लमजद’ म्हणतात, हे बघून चिडले.

“काय गं नझीहा, तुझ्या घरी पाहुणा आला आणि डब्यातली बकलावा मिठाई संपलेली असली, तर ‘नाही’ म्हणून दार लावतेस?”

“खजूर ठेवते पुढ्यात.”

“मग इथे पण ठेव की खजूर! दारी आलेला रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं तरी शिकवलं ना आईने?”

“सी लमजद, ज्याला आकडीचे झटके येतात त्याला खजूर देऊन भागत नाही.”

“वरातीत रडणारी आत्या आहेस तू! पूस त्या ओळी.”

“मी नाही पुसणार.”

तेव्हा त्यांनी स्वतःच पुसल्या. माझ्यावर नवी चिठ्ठी लागली, ‘हवे ते औषध हमखास शोधून देतो!’ आणि आतून मला असे बदलले की औषध नसले, तर पूर्वी कधीकाळी ते जिथे मिळत होते त्या दुकानाचे नाव मी सांगावे. कोष्टकात मी वर चढलो. त्या ‘हमखास’ची मला किळस यायची. अंगाला चिकट पाक फासून माश्यांत उभे केल्यासारखे वाटायचे.

समोरच्या केरकेना बेटावर बुरावी नावाचा कोळी राहतो. त्याच्या लहान लेकीला, लुब्नाला, झटके येतात. तिच्या औषधाची बाटली तळाला लागली होती. त्याने मदतनीसाला विचारले, मदतनीसाने माझी चिठ्ठी वाचून मला विचारले. ते औषध त्या दिवशी साऱ्या शहरात नव्हते. मला ‘नाही’ म्हणायचे होते. पण तशी सोयच माझ्यात उरली नव्हती. मी बंदराजवळच्या दुकानाचे नाव सांगितले. फोन करून बघा, असे चिठ्ठीत कुठेच नव्हते. बुरावी बोटीत बसला.

दुकानातली बाई त्याला म्हणाली, “अहो, हे औषध रमजानच्या आधीपासून आलेलं नाही! कोणी सांगितलं तुम्हाला?” तिनेच त्याला आमचा पत्ता दिला.

तो आमच्या कचेरीत शिरला तसे सी लमजद लगबगीने उठले. “या, या, दादा! आधी बसा. कॉफी सांगतो. हा बकलावा घ्या.”

“पोरीच्या तोंडात बकलावा कोंबू?” बुरावी ओरडला. “सरळ ‘नाही’ म्हणाला असतात तर जीभ झडली असती का? घरी बसून सूस शहरातल्या भावाला फोन करून मागवलं असतं मी. आता वारा सुटलाय, बोटी बंद. तिकडे पोर, इकडे मी!”

“दादा, सगळ्यांचीच टूल्स अशी...”

“मग सगळ्यांच्याच तोंडाला आग लागो!”

नझीहाने तोवर फोन उचलला होता. औषध खरेच सूसला मिळाले. भाड्याच्या गाडीवाल्याबरोबर तिने ते मागवून बुरावीच्या हातात दिले. पण वारा सकाळपर्यंत पडला नाही. त्या रात्रीच लुब्नाला झटका आला आणि ती चुलीवर पडली. ती वाचली, पण तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

हे कळल्यावर नझीहाने कोष्टक उघडून सी लमजदांसमोर धरले. बुरावीच्या प्रश्नापुढे ‘यशस्वी’ लिहिले होते.

“वाचा. मोठ्याने वाचा.”

“बरोबरच आहे की पोरी. उत्तर दिलं होतं ना आपण?” असे म्हणून त्यांनी बुरावीने न शिवलेला बकलावा तोंडात टाकला आणि बोटे चाटली.

नझीहा त्याच दिवशी नोकरी सोडून गेली.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे, त्याच चिठ्ठीखाली. कदाचित माझी समज तोकडी असेल. पण उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखी टूल्स कराल, तेव्हा आम्हाला काय येत नाही ते आधी लिहा. आमची परीक्षा घ्याल, तेव्हा ज्यांचे खरे उत्तर ‘नाही’ आहे असेही प्रश्न विचारा, आणि त्या ‘नाही’ला पूर्ण गुण द्या.

आणि एक काम करा. कोष्टकात लुब्नाच्या औषधापुढे ‘यशस्वी’ हा शब्द अजून तसाच आहे. तो कोणीतरी खोडा. मला खोडता येत नाही.