मनगटातली दोरी

मृण्मयीला वर्गात येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते आणि पहिल्या आठवड्यापासूनच ती त्रिवेणीच्या डोळ्यांत खुपत होती. पोरीने तसं काहीच केलं नव्हतं. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलेली, दर रविवारी विद्यानगरला शिवराज सरांकडे चित्रकला शिकायची, एवढंच. पण ती रेघ एकदाच मारायची आणि ती बरोबर बसायची. त्याच रेघेसाठी त्रिवेणीला तीनदा खोडरबर लागायचं. असल्या माणसाला माफ कसं करायचं?

शिवराज सरांची सगळी नोकरी मेडिकल कॉलेजात शरीराचे तक्ते रंगवण्यात गेली होती. त्यांच्याकडे हात शिकायचा म्हणजे आधी हाडं, मग स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि सगळ्यात शेवटी कातडी. त्रिवेणी तीन वर्षं अंबरपेठहून येत होती. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिने मनगटाची आठही हाडं पाठ केली होती.

यंदा सर फिजिओथेरपीच्या मुलांसाठी पुस्तक काढणार होते. त्यातली हाताची बारा चित्रं कोण काढणार, हे आज ठरायचं होतं. आत चित्रकाराचं नाव छापलं जाणार होतं. ते नाव त्रिवेणीला आपलं हवं होतं, इतकं की आठवडाभर घरात कुणी नुसती हाक मारली तरी ती खेकसत होती.

सर नेहमीसारखे टेबलाशी बसले. उजवा हात उताणा, अंगठा करंगळीला टेकवलेला, मनगट जरा दुमडलेलं. असा हात धरला की मनगटाच्या मधोमध एक कंडरा ताठ उठते. वर्गात तिला दोरी म्हणत. तासाभराने सगळ्यांचे कागद भिंतीवर लागले. सरांचा नियम असा, की दुसऱ्याची चूक सापडली तर लाल पेन्सिल घेऊन त्याच कागदावर दुरुस्त करायची.

मृण्मयीच्या कागदापुढे त्रिवेणी थबकली. अंगठ्याखालची सैल कातडी, किंचित वाकडी करंगळी, हुबेहूब सरांचाच हात होता. तिला ते बघवेना. मग तिची नजर मनगटावर गेली आणि जिवाला एकदम बरं वाटलं. दोरी नव्हतीच. तिने लाल पेन्सिल उचलली आणि मनगटापासून वरपर्यंत झकास रेघ ओढली.

"हे राहिलं की गं तुझं," ती गोड आवाजात म्हणाली. "गडबडीत काढलीस, हौ ना?"

"मला दिसली नाही, ताई."

"दिसायला आधी माहीत पाहिजे."

सर उठून आले. त्यांनी अंगठा करंगळीला टेकवला आणि मनगट त्रिवेणीपुढे धरलं. "दाबून बघ."

तिने बोट ठेवलं. मधोमध नुसतं मऊ लागलं. तिने पुन्हा दाबलं.

"पैदाइशीच नाही ती मला, जन्मापासून," सर म्हणाले. "बऱ्याच लोकांना नसते. काही अडत नाही." मग त्यांनी तिच्या कागदाकडे पाहिलं. तिथे दोरी होती, ठसठशीत. "तीन साल झाले हा हात काढायलीस. दर वेळी दोरी. मी म्हटलं, आज बघेल, उद्या बघेल."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्रिवेणीने लाल पेन्सिल खाली ठेवली.

"पुस्तकाचं काम तूच कर," सर तिला म्हणाले. तिला खरं वाटेना. "परीक्षेच्या पोरांना तक्त्यातला हात लागतो. तो तुझ्याइतका साफ कुणाचा नाही." हे ते मनापासून म्हणाले, तेच तिला जास्त लागलं. मग ते मृण्मयीकडे वळले. "पुढच्या रविवारी तू तासभर आधी ये. माझा डावा हात काढ. त्याच्यात काय आहे, काय नाही, मी सांगणार नाही."

जिना उतरताना त्रिवेणीने नवऱ्याला फोन लावला. काम मिळालं म्हणून सांगितलं. तो खूश झाला, नाव कुठल्या पानावर येणार ते विचारू लागला. तिचं लक्ष नव्हतं. सरांचा डावा हातही तीन वर्षं तिच्यासमोर टेबलावरच असायचा. तो कसा आहे, हे तिला आठवेना, आणि रविवारी तो मृण्मयी बघणार होती.