देवानं न मागितलेली मेंढी

"झाडलं! झाडलं!"

बिरोबाच्या देवळापुढं एकच कालवा उठला. मेंढीनं मुंडक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं होतं आणि विंचूरपलीकडच्या धनगरवस्तीतली लहानथोर माणसं हात जोडून उभी होती. मधोमध बहिरूबाबा. गळ्यात कवड्या, कपाळावर मूठभर भंडारा, हातात पितळी तांब्या. हा बाबा कुठला, कोणाचा, हे कोणी विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात उगवला आणि देवळातच पथारी टाकून बसला.

"हाल हाल हालकारी, बिरोबाची स्वारी! देवा, हवी असंल तर हलव, नको असंल तर उभी ठेव!" असं गर्जून बाबा मेंढीच्या पाठीवर पाणी सोडायचा. मेंढी उभी राहिली तर मालकाला परत. तिनं अंग झाडलं की देवानं मागितली. पाणी टाकून कौल घ्यायची रीत वस्तीत बापजाद्यांपासून होती, बाबानं फक्त ती आपल्या हाती घेतली. देवानं मागितलेली मेंढी देवळामागच्या टेम्पोत चढायची आणि टेम्पो मालेगावच्या रस्त्याला लागायचा. मूळ ठाण्याला जाते, असं बाबा सांगे. देवाचं मूळ ठाणं नेमकं बाजाराच्या दिशेला कसं, हे विचारायची छाती कोणाची नव्हती.

गर्दीच्या कडेला उभ्या चतुराबाईच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. आजवर देवानं एकही खरजुलं मेंढरू मागितलं नव्हतं.

कळप म्हणजे तिचा जीव होता. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतले मेंढरांचे वाडे ओस पडले, तेव्हा बाभळीच्या शेंगा झोडून, हात काट्यांनी फाडून घेऊन तिनं मेंढरं जगवली होती. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली, तेव्हा कुठं कळप पुन्हा भरला होता. दिवाळीनंतर शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीच्या बदल्यात धान्य घ्यायचं, उन्हाळ्यात शेंगा, मग नदीवर धुऊन लोकरीची कातरणी, आणि पावसाच्या आत जनावरांच्या डॉक्टरची सुई. सालभराचा असा तिचा क्रम. यंदा शेवटच्या कामाला बाबा आडवा आला.

"सुई टोचली का मेंढी गाभडती, पोटातलं कोकरू पडतं!" त्यानं वस्तीला दम भरला होता. "बिरोबाच्या लेकरांच्या अंगात लोखंड घालता? निर्वंश व्हईल!"

विंचूरहून डॉक्टरची फटफटी आली त्या दिवशी चतुराबाईचा नवरा सहादूही इतरांसारखा कळप घेऊन माळावर पळाला.

"आवो, दरसाल टोचतो ना आपण," ती म्हणाली. "कवा गाभडली एखादी?"

"तवा देव निजला व्हता. आता जागा झालाय. तू गप ऱ्हाय."

झोपलेल्या देवानं मेंढरं सुखरूप ठेवली आणि जागा झाल्यावर त्यांच्या जिवावर उठला, असा हा हिशेब! पण बोलणार कोणाशी?

पाऊस पडला, माळावर कोवळं गवत आलं आणि मेंढरं मरू लागली. संध्याकाळी पोटभर चरून आलेली मेंढी सकाळी पाय ताणून, पोट फुगून पडलेली. त्यातही धष्टपुष्ट होती ती आधी.

"बघा, देव आपल्या हातानं न्यायला लागला," बाबा डोळे फिरवून म्हणाला. "माझ्या हातून द्या, म्हणजे कोप उतरंल." भीतीनं लोक रांगेत उभे राहिले. टेम्पोला उसंत मिळेना.

एके सकाळी सहादू चांदीला ओढत देवळाकडं निघाला. चांदी म्हणजे चतुराबाईनं दुष्काळात मांडीवर घेऊन वाढवलेली मेंढी. चतुराबाई मागोमाग धावली आणि या वेळी देवाकडं न बघता बाबाच्या हातांकडं बघत राहिली. बाबानं पाठीवर पाणी सोडलं. चांदी उभीच. मग बाबानं मायेनं तिचं डोकं कुरवाळलं आणि कुरवाळता कुरवाळता तांब्या कानावर कलता केला.

"झाडलं!" लोक ओरडले.

चतुराबाई तडक वाड्यावर गेली आणि अंगावरची लोकर झडलेली खरजुली मेंढी ओढत घेऊन आली.

"बाबा, हिलाबी इचारा देवाला."

"ही रोगी हाय. देवाला इटाळ व्हईल."

"मंग मीच इचारते!" तिनं तांब्या हिसकला. पाठीवर पाणी ओतलं. खरजुली रवंथ करत उभी. मग तिनं कान धरून आत चार थेंब सोडले. मेंढीनं असं अंग झाडलं की बाबाच्या दाढीवर शिंतोडे उडाले.

"घ्या! देवानं हीबी मागितली. भरा टेम्पोत!" चतुराबाई वस्तीकडं वळली. "नदीवर मेंढरं धुताना कानावर हात का धरता रं? कानात पाणी गेलं का मेंढी झाडती, म्हणूनच ना? नदीवर समद्यांना ठावं, अन् देवळात आलं का इसरता?"

शेजारचा झुंबर फिस्सकन हसला, आणि मग सगळेच हसले. टेम्पो त्या दिवशी रिकामा गेला, बाबाही त्यातच बसून गेला. चतुराबाई चांदीला घेऊन घरी आली. तिला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदी मेली.

डॉक्टर आला. त्यानं चांदीचं पोट फाडून दाखवलं, कोवळ्या गवतानं गच्च भरलेलं. "या रोगाचे जंतू मेंढीच्या आतड्यात असतातच," तो म्हणाला. "कोवळं गवत अधाशीपणानं खाल्लं की ते वाढतात आणि पोटात विष होतं. जी जास्त खाते ती आधी मरते. यात देवाचा कोप कुठला?"

"मंग टोचा की आता!"

"टोचतो, बाई. पण सुईचा गुण अंगात यायला पंधरवडा लागतो. म्हणून तर पावसाआधी आलो होतो. तोवर कोवळ्या गवतावर सोडू नका, सुका चारा घाला."

सुका चारा कुठून आणायचा? आषाढात वस्तीत काडी नव्हती. मेंढरं उपाशी ठेवली तरी मरणार आणि चारली तरी मरणार. मरत राहिली.

आणि वस्तीचं काय झालं म्हणता? "चतुरानं देवाच्या तांब्याला हात लावला, म्हणून कोप वाढला," असं बोलणं सुरू झालं. हसणारा झुंबरच तिला पहिल्यांदा म्हणाला, "वयनी, तुमच्यापायी झालं समदं." सहादू तर तिच्याशी बोलेनासाच झाला. सुईचा गुण येईतो त्यांचा वाडा जवळपास रिकामा झाला आणि दसऱ्यापर्यंत सहादू विंचूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहू लागला.

पुढच्या वैशाखात डॉक्टरची फटफटी वस्तीवर आली, तेव्हा रस्त्यावर एकटी चतुराबाई उभी होती. तिच्या हातात गाभण खरजुलीचा कान. आजारी म्हणून थोडं खाणारी, त्यामुळंच वाचलेली. इतरांनी नवी मेंढरं आणली होती, पण ती मेंढरं देवळापुढं उभी होती. तिथं नवा बाबा आला होता, त्याच्याही हातात तांब्या होता.

"एकाच मेंढीसाठी थांबलात, बाई?"

"टोचा, डाक्टर. देवानं हिला मागितली नव्हती, म्हणून उरली."

मंडळी हो, हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण जोडण्याआधी तांब्या कुठं कलतो ते बघा. देवाला तुमची मेंढी नको असते, ती हवी असते माणसाला. आणि सुईची वेळ एकदा टळली की मग खरं कळूनही काही हाती राहत नाही.

टोचलेली खरजुली श्रावणात सुखरूप व्याली. वस्तीतलं कोणी बघायला आलं नाही.